संधिवात, ल्युपस आणि चाळीस टक्के : दिव्यांग प्रमाणपत्राचं गणित

सिव्हिल हॉस्पिटलच्या दिव्यांग बोर्डापुढे संधिवाताचा रुग्ण बहुतेक वेळा जाडजूड फाइल घेऊन उभा राहतो. त्यात आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या असतात, दर तीन महिन्यांचा सूज दाखवणारा ईएसआर असतो, मेथोट्रेक्सेट या औषधाच्या चिठ्ठ्या असतात. दहा मिनिटांत तो बाहेर येतो आणि नातेवाइकांना सांगतो, ‘टक्के बसत नाहीत म्हणाले.’ मग सुरू होतं चिडणं. एवढा मोठा आजार, जन्मभराचा, आणि सरकारच्या लेखी काहीच नाही?

चिडण्यात चूक नाही, पण गोंधळ मुळातच आहे. दिव्यांग प्रमाणपत्र हे आजाराचं प्रमाणपत्र नाही. त्या आजाराने तुमच्या हाताचं, पायाचं, पाठीचं, डोळ्याचं किती काम कायमचं गेलं, एवढंच बोर्ड मोजतं. रक्ताचा रिपोर्ट आजार सिद्ध करतो, टक्केवारी नाही. आणि बरेच लाभ सुरू होतात ते चाळीस टक्क्यांपासून. ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांच्या बाबतीत ही एक गोष्ट पक्की समजली की पुढची निम्मी धावपळ वाचते.

यादीत आपण कुठे बसतो

आधार आहे ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि १९९५ च्या जुन्या कायद्यातले ७ प्रकार वाढून २१ झाले. या २१ मध्ये संधिवात हा शब्द शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंडं धरणारा), स्क्लेरोडर्मा (कातडी कडक करणारा), अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (कणा ताठ करणारा), क्रोन्स (आतड्याचा) यांपैकी एकाचंही नाव तिथे नाही. नाव आहे ते फक्त मल्टिपल स्क्लेरोसिसचं, ‘दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार’ या गटात, पार्किन्सन्सच्या शेजारी.

म्हणून बाकीचे बाद झाले असं मात्र नाही. यादीतला पहिलाच प्रकार आहे अस्थिव्यंग, म्हणजे सर्टिफिकेटवर ज्याला लोकोमोटर म्हणतात तो. कायद्याची व्याख्या थोडक्यात अशी : हाडं-स्नायू किंवा मज्जासंस्था किंवा दोन्हींच्या बिघाडामुळे स्वतःची हालचाल करता न येणं किंवा वस्तू हाताळता न येणं. बिघाड कशामुळे झाला, हे व्याख्या विचारतच नाही. पोलिओने झाला, ट्रकखाली येऊन झाला की स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने सांधे खाल्ल्यामुळे झाला, मोजपट्टी तीच. आरए (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे इथे ज्याला संधिवात म्हटलं आहे तो), सोरायटिक आर्थ्रायटिस, स्पाँडिलायटिस, मायोसायटिस (स्नायूंचा दाह), ल्युपसवर वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन खुब्याचं हाड मेलेलं असणं, हे सगळे याच दाराने आत येतात. डोळ्यात वारंवार युव्हायटिस, म्हणजे आतला दाह होऊन नजर गेली असेल तर दार दृष्टिदोषाचं. तिथे दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह नजर बघतात, एकाच डोळ्याचं नुकसान असेल तर फार हाती लागत नाही.

ज्यांचं नुकसान शरीराच्या आत होतं, त्यांची खरी अडचण होते. ल्युपसने मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, माणूस घरी बसला, तरी मूत्रपिंड २१ च्या यादीत नाही. टाइप १ मधुमेह हाही ऑटोइम्यूनच, तोही नाही. मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस नाही. थकवा, ताप, दिवसातून पंधरा वेळा शौचाला जावं लागणं, यांना अंश-कोनात मोजता येत नाही म्हणून कायद्यानेही ते मोजलेले नाहीत. हा कायद्यातला मोठा खड्डा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. यादीत नवे प्रकार घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला कायद्यानेच दिलेला आहे, तो वापरला जायला हवा.

अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा भाचीकडून ‘आमच्याकडे ल्युपसला मिळतं’ असं ऐकून कुणी आशेवर राहू नये. तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या वैद्यकीय यादीत प्रतिकारशक्तीच्या आजारांचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात ल्युपस, स्क्लेरोडर्मा, इन्फ्लमेटरी आर्थ्रायटिस नावानिशी आहेत. तिथे मुख्य प्रश्न विचारतात तो असा : किमान १२ महिने या माणसाला कमाईचं काम करता येणार नाही का? आपल्याकडे कामाचा प्रश्न विचारतच नाहीत, अवयवाचा विचारतात. त्यामुळे तिथला सल्ला इथे उपयोगी पडत नाही.

हात कसा मोजतात

टक्केवारी डॉक्टरच्या मनावर नसते. त्यासाठी केंद्राने राजपत्रात मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. जानेवारी २०१८ मध्ये एक संच आला, मार्च २०२४ मध्ये सुधारित संच आला. मोजण्याची मूळ पद्धत त्याच्याही आधीपासून चालत आलेली आहे.

हाताचे दोन भाग पाडतात. खांद्यापासून मनगटापर्यंतचा भुजेचा भाग आणि पुढचा पंजा. भुजेत सांधा किती अंशात फिरतो, स्नायूत जोर किती, हालचाल सुसूत्र होते का, हे बघतात. कोन मोजायला गोनिओमीटर नावाची दोन पट्ट्यांची फूटपट्टी असते. पंजाचे गुण तीन ठिकाणी वाटलेले असतात : पकड ३०, संवेदना ३०, ताकद ३०, एकूण ९०. पकडीत अंगठा प्रत्येक बोटाला टेकतो का ते बघतात, चिमटीत किल्ली धरायला लावतात, जाड-बारीक नळी आणि गोल वस्तू पकडायला देतात, पिशवी अडकवायला सांगतात.

आता संधिवाताचा पंजा डोळ्यांपुढे आणा. बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, मनगट सुजून ताठ झालेलं, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण टाचणी टोचली तर? चांगलं समजतं. संवेदना शाबूत असते. म्हणजे नव्वदांपैकी तीस गुणांचं नुकसान या आजारात बहुधा दिसतच नाही. नसा तुटलेल्या माणसाच्या पंजात ते तीस जमा होतात, आरएच्या पंजात नाहीत. अनेकांचे टक्के तिशीत येऊन का थांबतात, त्याचं एक कारण इथे आहे. विकृती, आखडलेपण, रोजच्या वापराचा हात असणं, यांसाठी थोडे वाढीव गुण असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

पायाच्या बाबतीत सांध्याची हालचाल आणि जोर यांच्या जोडीला तोल हा वेगळा भाग असतो. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. या नऊ गोष्टी, प्रत्येकीला दहा गुण. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं त्यात आहे हे आपल्या लोकांच्या फायद्याचं आहे. गुडघे-खुबे गेलेल्या माणसाचं सगळ्यात आधी हेच बंद होतं आणि तपासणीत सांगायला तो हेच विसरतो, कारण वेस्टर्न कमोड बसवून त्याला पाच वर्षं झालेली असतात.

पाठीच्या कण्याचा तक्ता तर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसवाल्यांनी पाठच करावा. नुसतं दुखतं, पण स्नायू आखडलेले नाहीत आणि एक्स-रेत काही दिसत नाही : ० टक्के. दुखणं, आखडणं आणि ताठरपणा, सोबत एक्स-रेत सौम्य बदल : २०. मध्यम बदल : २५. मानेच्या, पाठीच्या किंवा कमरेच्या एका भागात तीव्र बदल : ३०. संपूर्ण कण्यात तीव्र बदल : ४०. म्हणजे नुसत्या कण्याच्या जोरावर चाळीस गाठायला सगळा कणा जवळजवळ बांबूसारखा सांधला गेलेला लागतो. बावीस-पंचविशीतला मुलगा, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, रात्री दोनला वेदनेने उठून खोलीत फेऱ्या मारतो, एमआरआयमध्ये सूज स्पष्ट दिसते पण एक्स-रे अजून बरा. त्याच्या वाट्याला शून्य येऊ शकतं. दुखणं खोटं आहे असं त्या शून्याचं म्हणणं नसतं. त्याच्या दुखण्याला या तक्त्यात रकाना नाही, इतकंच. याच मुलाचा खुबा किंवा खांदाही धरला असेल तर तो वेगळा मोजून घ्यायलाच हवा, कारण मग बेरीज होते.

ही बेरीजही शाळेतल्यासारखी नाही. समजा, उजव्या हाताचे २४ आले आणि गुडघ्याचे १८. आपण म्हणतो ४२, झालं काम. सूत्र मात्र असं आहे की मोठा आकडा पूर्ण धरायचा, तो ९० मधून वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा २४ म्हणजे ६६. १८ गुणिले ६६ भागिले ९० म्हणजे १३.२. एकूण ३७.२. चाळीस हुकले. ३० आणि २० असते तर ४३.३ झाले असते. बोर्डातून बाहेर पडून ‘डॉक्टरने मुद्दाम तीन टक्के कापले’ म्हणणाऱ्यांचे टक्के बऱ्याचदा या भागाकारातच गेलेले असतात.

चांगला दिवस, वाईट दिवस

ऑटोइम्यून आजारांची खोड अशी की ते रोज सारखे नसतात. सकाळी सहा वाजता मूठ वळत नाही, अकरा वाजता वळते. बोर्डाची वेळ नेमकी अकराची. शिवाय उन्हाळ्यात बरं, पावसाळ्यात उसळलेलं. आणि बोर्ड मोजतं ते कायमचं नुकसान, म्हणजे सूज उतरल्यावरही जे परत येत नाही ते. ऐन भडक्यात गेलात तर ‘आधी उपचार घ्या, मग या’ म्हणून परत पाठवू शकतात, आणि ते त्यांच्या नियमांना धरूनच असतं.

काही जण यावर उपाय म्हणून बोर्डाच्या आधी पंधरा दिवस गोळ्या बंद करतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. स्टिरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, आणि सुजेमुळे वाढलेला ताठरपणा अनुभवी डॉक्टरला कळतोच.

करायचं ते वेगळं आहे. बोर्डावर तुम्हाला तपासणारा डॉक्टर बहुतेक करून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञ असतो, तुमचा संधिवाततज्ज्ञ नव्हे. तुमची पाच-दहा वर्षं त्याने पाहिलेली नाहीत. ती त्याला कागदावर दिसली पाहिजेत, आणि तीही त्याच्या भाषेत. म्हणून स्वतःच्या डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश घ्या : आजार कधीपासून, कोणती औषधं किती काळ दिली, त्यांनी काय साधलं, आणि आज औषधं चालू असताना कोणता सांधा किती अंश फिरतो. ‘उजवं मनगट मागे २० अंशांपलीकडे जात नाही, दोन वर्षांत बदल नाही’ हे एक वाक्य ‘रुग्णास तीव्र संधिवात आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. सोबत हातापायांचे एक्स-रे, एक जुना आणि एक ताजा, म्हणजे झीज वाढत गेलेली दिसते. शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड. रक्ताचे रिपोर्ट दोन-तीनच पुरेत, बाकीचा गठ्ठा घरी राहू दे.

आणि खोलीत गेल्यावर मराठी माणसाचा तो स्वभाव जरा आवरा. ‘काय त्रास होतो?’ म्हटलं की आपण म्हणतो, ‘तसं काही नाही, चालतंय.’ चालतंय म्हणजे काय? साडीची निरी सुनेला काढावी लागते का, शर्टाची बटणं सोडून टी-शर्ट घालायला लागलात का, खडू धरून फळ्यावर चार ओळींनंतर थांबावं लागतं का, कुकरचं झाकण कोण उघडतं, हे सांगा. वाढवून नको, पण कमी करूनही नको.

अर्ज ते कार्ड

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्राच्या यूडीआयडी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) पोर्टलवरूनच निघतं. त्याआधी महाराष्ट्रात एसएडीएम नावाची राज्याची प्रणाली होती. त्यावरचा जुना दाखला असेल तर तो दाखवून यूडीआयडीसाठी अर्ज करता येतो. घरून मोबाइलवर जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात जा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. राहत्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात या त्रासावर उपचार चालू आहेत तिथेही. साताऱ्याच्या माणसाचे उपचार पुण्याच्या सरकारी रुग्णालयात चालू असतील तर ही तरतूद उपयोगी पडते.

हातात पडलेला कागद नीट वाचा, नुसता आकडा बघून घडी घालू नका. टक्केवारी कोणत्या अवयवाच्या संदर्भात दिली आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. स्थिती वाढत जाणारी आहे की नाही, सुधारण्याची शक्यता आहे की नाही, आणि पुन्हा तपासणी हवी का, हेही असतं. बदल होण्याची शक्यता वाटली तर डॉक्टर मुदतीचं प्रमाणपत्र देतात, नसेल तर कायमचं. संधिवातवाल्यांना पहिल्या वेळी बऱ्याचदा मुदतीचं मिळतं. २०२४ मधल्या नियमबदलानंतर कार्डाचे रंगही ठरले आहेत : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

नाकारलं तर तोंडी ‘नाही बसत’ ऐकून परत येऊ नका. कारणासह लेखी नकार हा नियमाने तुमचा हक्क आहे, त्यासाठी वेगळा नमुना आहे. निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं, अपिलाचा हक्क अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये आहे. गेटबाहेर ‘साठ टक्के करून देतो’ म्हणणारे भेटतातच. खोट्या मार्गाने लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२४ पासून सरकारी नोकरांची प्रमाणपत्रं ज्या तऱ्हेने पुन्हा तपासली जाऊ लागली आहेत, ते पाहता हा विषय आता ‘कोण बघतंय’ म्हणण्यासारखा राहिलेला नाही.

कार्ड आलं, पुढे काय

इथे दुसरा धक्का बसतो. यूडीआयडी कार्ड म्हणजे पैसे नव्हेत. प्रत्येक योजनेची अट निराळी, अर्ज निराळा, ऑफिस निराळं.

महाराष्ट्रात महिन्याच्या हातखर्चासाठी मुख्य आधार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसील कार्यालयात. दिव्यांगांसाठी ४० टक्के, वय १८ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० झाली. ५०,००० ची मर्यादा ऐकून मध्यमवर्गीय वाचक हा परिच्छेद सोडून देतील, पण मोलमजुरी करणाऱ्या, हात गेल्यावर घरी बसलेल्या बाईसाठी हे पैसे म्हणजे महिन्याचा किराणा असतो. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना ८० टक्क्यांपासून सुरू होते, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि केंद्राचा वाटा आहे महिना ३०० रुपये. गोव्यात अशाच मदतीसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे.

पगारदार माणसाला जास्त जाणवतो तो कर. ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची वजावट, सीए ज्याला ८०यू म्हणतात ती. तुमचा खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडलीत की गेली. राज्याच्या व्यवसाय करातूनही ४० टक्क्यांच्या कायम अपंगत्वाला सूट आहे. ती पगारपत्रकातून आपोआप होत नाही, प्रमाणपत्राची प्रत ऑफिसात द्यावी लागते.

एसटीत ४० टक्क्यांवर भाड्यात ७५ टक्के सवलत. रेल्वेचं गणित वेगळं आहे : तिथे अस्थिव्यंग असलेला माणूस ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ असा असावा लागतो आणि त्यासाठी रेल्वेचा स्वतःचा नमुना भरून घ्यावा लागतो. ४५ टक्क्यांचं कार्ड दाखवून तिकीटखिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्याकडे ५ टक्के दिव्यांग निधी असतो, त्यातून काय देतात हे गावागणिक बदलतं, तिथे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि निरामय विमा योजनेच्या मागे लागू नका. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांग यांच्यासाठी आहे.

सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात एक चमत्कारिक गोष्ट आहे. कलम ३४ मध्ये ज्या गटांना हे आरक्षण वाटून दिलं आहे, त्यात अस्थिव्यंग आहे, पण दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार हा गट नाही. म्हणजे ज्या एकाच ऑटोइम्यून आजाराचं नाव कायद्यात छापलेलं आहे, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसला त्या नावावर नोकरीत आरक्षण नाही. उच्च शिक्षणातल्या ५ टक्क्यांत मात्र आहे, कारण तिथे अट फक्त ४० टक्के दिव्यांगत्वाची. एमएसमुळे पाय लुळा पडला असेल तर प्रमाणपत्रावर अस्थिव्यंगाची स्वतंत्र नोंद व्हावी असा आग्रह धरा. त्या एका ओळीने पुढची वाट बदलू शकते.

चाळीसच्या खाली राहिलात तर

पांढरं कार्ड म्हणजे काहीच नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कायद्यात दोन वेगळ्या व्यक्ती आहेत : एक ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली’, म्हणजे ४० किंवा त्याहून जास्त टक्क्यांची. आरक्षण आणि बरेच लाभ दुसरीला आहेत. पण भेदभाव न होण्याचा आणि गरजेप्रमाणे सोय करून मिळण्याचा हक्क पहिलीलाही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हे ठामपणे मांडलं. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्पचा त्रास होता, लिहिताना हात आखडायचा, आणि ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्या पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. बोटांच्या संधिवाताने बेजार झालेल्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तुम्ही आधीच सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल आणि आजार नंतर जडला असेल, तर कलम २०(४) तुमच्यासाठी आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतल्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य (जादा) पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. वरिष्ठ ‘स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका’ असं प्रेमाने सुचवतात तेव्हा सही करण्याआधी हे कलम वाचा. एकदा निवृत्तीचा अर्ज मंजूर झाला की भांडायला जागा फार उरत नाही.

खासगी नोकरीत असाल, पगार २१,००० पर्यंत (दिव्यांग कामगारांसाठी मर्यादा २५,०००) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राशिवायही एक मार्ग आहे. आजारपणाच्या ९१ दिवसांच्या नेहमीच्या लाभानंतर, ठरावीक ३४ दीर्घ आजारांत वाढीव लाभ मिळतो, पगाराच्या ८० टक्के दराने. त्या यादीत स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, फुफ्फुस कडक करणारा आयएलडी आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे, बोटांचा रक्तपुरवठा आखडणारा रेनॉड्सही आहे. साधा संधिवात नाही. पण संधिवाताने किंवा स्क्लेरोडर्माने फुफ्फुस धरलं असेल, ल्युपसने मूत्रपिंड, तर त्या निदानाच्या नावाने अर्ज करा. इथे पुन्हा तेच, मूळ आजाराचं नव्हे, तर त्याने केलेल्या नुकसानीचं नाव चालतं. आणि पीएफ कापला जाणारा कामगार कायमचा आणि पूर्णपणे काम करण्यास असमर्थ झाला, तर ईपीएसमध्ये (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत) अपंगत्वाची पेन्शन आहे, त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही.

ज्यांचं नुकसान आतल्या अवयवांचं आहे आणि हातापायाचे टक्के बसणारच नाहीत, त्यांनी संजय गांधी योजनेचं दुसरं दार ठोठवावं. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या दुर्धर आजारामुळे’ स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारेही त्यात पात्र आहेत. त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे आणि वाढीव हजार रुपये त्यांना नाहीत, पण ‘यासारख्या’ हा शब्द मोकळा आहे. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यात आजाराचं नाव, डायलिसिस किंवा ऑक्सिजन चालू असल्यास त्याची नोंद आणि ‘चरितार्थासाठी काम करण्यास असमर्थ’ हे शब्द स्पष्ट आले पाहिजेत, नाहीतर तहसीलमधला कारकून अर्ज बाजूला ठेवतो.

मुदतीचं कार्ड मिळालेल्यांनी संपण्याच्या तारखेआधी तीन-चार महिने नूतनीकरणाचा अर्ज टाकावा, कारण कार्ड संपलं की त्यावर चालणारं अनुदान आणि करसवलत दोन्ही अडकतात. फेरतपासणीला जाताना मागच्या वेळचा तोच एक्स-रे आणि त्याच सांध्याचा नवा एक्स-रे, दोन्ही सोबत न्या. टक्के वाढतील, तसेच राहतील किंवा कमीही होतील. नव्या बायोलॉजिक इंजेक्शनांनी सांधे खरोखर सुधारले असतील तर कमी होणं बरोबरच आहे. झीज वाढलेली दिसत असूनही आकडा घटला, तर पुन्हा ९० दिवसांचा हिशेब सुरू करा.